विहिरीकडून दुसरा प्लॉट

१२ जानेवारी २०२५, रविवार

पुन्हा तेच! चार माणसं जेवायला आली की केशवच्या अंगात येतं. आज राधेश्यामजी होते, हार्डवेअरवाले. याच्या रविवारच्या वर्गातले जुने विद्यार्थी. मी वाढतेय आणि हा सांगतोय, "आमच्या हिने वाटूरच्या प्लॉटला माहेर करून ठेवलंय. गुंतवणूक म्हणजे काय, हे बायकांना समजावणं बिलकुल अवघड!" सगळे हसले. मी भाजीचं भांडं जरा जोरातच ठेवलं.

माहेर! बरं, माहेर तर माहेर. माझ्या पाटल्या मोडून घेतलाय तो, माझ्या नावावर आहे. सहा वर्षं झाली, सवड मिळेल त्या शनिवारी बसने वाटूरला जाते, फाट्यावरून आत चालत. शेवगा लावला, लिंबू, सीताफळ, कढीपत्ता. भोवती तारेचं कुंपण घातलं. विहिरीचं पाणी कॅनने ओढून घालते. मेअखेर बियाणे कंपनीतली नोकरी संपली की तिथे दोन खोल्या बांधायच्या आणि राहायचं. हे केशवला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. "बांधू की" म्हणतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

बँकेतून लवकर बाहेर पडल्यापासून हा 'छोट्या गुंतवणूकदारांचा मार्गदर्शक' झालाय. स्टेशनजवळच्या एका क्लासचा हॉल रविवारी घेतो. सल्ले वाईट देतो असं नाही, तेवढं मान्य करते. दुसऱ्याने दाखवलेल्या सातबाऱ्यावर जाऊ नका, स्वतः काढा. शेतजमीन गुंठ्या-गुंठ्याने घेऊ नका, एनए, म्हणजे बिगरशेती, झालीय का ते बघा. प्लॉट उन्हाळ्यात नाही, भर पावसात बघायला जा, म्हणजे पाणी कुठे तुंबतं ते कळेल. रस्ता नकाशावर आहे की जमिनीवर, ते पायाने चालून बघा. सगळं खरं! पण हा स्वतः वाटूरला किती वेळा आला? एकदा आला होता, तेही गाडीची काच खाली करून बघितलं आणि गेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ दिला. "गोड बोल" म्हणाला. बोललेच नाही.

१८ जानेवारी, शनिवार

वाटूरला जाऊन आले. डोकं शांत झालं.

द्वारकाबाईंनी लांबूनच हाक मारली, "ताई, तुमच्या लिंबाला फूल आलंय! बुधवारी म्याच पानी घातलं." मग भाकरी, ठेचा, चहा. ना करायची सोयच नाही.

ही सगळी जमीन त्यांचीच होती – द्वारकाबाई आणि त्यांचे यजमान रखमाजी यांची. एका प्लॉटिंगवाल्याने घेतली, ओळीने आठ प्लॉट पाडले. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला विहीर. सौद्यात एक प्लॉट आणि विहीर रखमाजींकडेच राहिली. माझा नंबर दोन, त्यांचा नंबर सात. बाकीच्यांनी घेऊन नुसते टाकून ठेवलेत. मोकळे पडलेत म्हणून रखमाजी त्यात तूर-सोयाबीन पेरतात. कुणाची हरकत नाही, उलट गवत माजत नाही.

त्यातच खुणेचे दगड गेले. रखमाजी स्वतःच सांगतात, "पहिल्याच सालात नांगराला लागून दगडं उपटून गेल्ते. मंग म्याच कासरा लावून मोजलं आन तुमाला जागा दाखिवली." म्हणून त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि शेळ्यांचा गोठा रस्त्याजवळ, आणि माझी झाडं विहिरीजवळ. मला विहिरीजवळचीच जागा आवडते. रस्त्यावरची धूळ येत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आश्चर्य! केशव स्वतःहून म्हणाला, "प्लॉटच्या मोजणीचा अर्ज भरलाय. तुझी सही हवी." बांधायच्या आधी हद्द पक्की हवी म्हणे. मी सही केली. वर त्याच्या आवडीची खिचडी टाकली. माणूस इतकाही वाईट नसतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मोजणी झाली. मोजणीदारांनी रस्त्याच्या कडेपासून सुरुवात केली. काठीवरचं यंत्र, खाली पांढरी फक्की. एक नंबर झाला. मग दोन नंबर – माझा! मी विहिरीकडे उभी, झाडांपाशी, आणि ते फक्की टाकत चाललेत द्वारकाबाईंच्या अंगणातून. चुलीला वळसा. गोठ्याच्या मधून. म्हटलं, चुकताय तुम्ही. ते म्हणाले, "मॅडम, नकाशात नंबर रस्त्याकडून आहेत. हे दोन. तुमची झाडं आहेत ते सात."

सात म्हणजे रखमाजींचा!

म्हणजे यांचं घर माझ्या प्लॉटवर. आणि माझी झाडं यांच्या प्लॉटवर. सहा वर्षं!

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर द्वारकाबाईंवर ओरडले. "माझ्या जागेत घर बांधून बसलात, आणि वर मलाच चहा पाजता!" बाई पांढरीफटक. रखमाजी म्हणाले, "ताई, आमी काय चोर हाव का? वावर मोजायचं तं विहिरीपासून. माझ्या आज्ज्यानं वाटनी केल्ती ती बी विहिरीपासून, बापानं केल्ती ती बी. ज्याला पानी जवळ त्यो पहिला तुकडा. रस्त्यापासून कोन मोजतं?"

प्लॉटिंगवाल्याने रस्त्याकडून मोजलं, यांनी विहिरीकडून. विहिरीकडून दुसरा तो मला दाखवला, विहिरीकडून सातव्यावर स्वतःचं घर बांधलं. चूक आहे, सरळ चूक आहे! पण तेव्हा मला काही ऐकू येत नव्हतं. चहा तसाच टाकून आले.

केशवला फोन केला. तो म्हणाला, "बरं, बघू." त्याला धक्का वगैरे काही बसला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

केशव फार थंडपणे घेतोय. वकिलाची नोटीस द्यायची म्हणतो. "आयत्या बिळावर नागोबा आहेत ते. बारा वर्षं व्हायच्या आत उठवायचं, म्हणजे पुढे हक्क सांगायला नको." मी म्हटलं, नोटीस कशाला, दोघांची अदलाबदल करून टाकू. त्यांचं घर त्यांना, माझी झाडं मला. कुणाचंच काही उपटायला नको.

असा हसला! "दोन नंबर रस्त्याजवळचा. सात नंबर मागे कोपच्यात. भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाबडेपणाला पण मर्यादा असते, अरुंधती."

भाबडी! घरात सगळे व्यवहार मी बघते, गॅसपासून गावच्या देण्याघेण्यापर्यंत. आणि मी भाबडी!

२२ फेब्रुवारी, शनिवार

वाटूरला गेले नाही. द्वारकाबाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

२ मार्च, रविवार

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. उद्या कुणी म्हणायला नको, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

केशव चष्मा घरी विसरला. म्हटलं, वर्ग सुरू झाला असेल, नेऊन द्यावा. हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग. दार अर्धं उघडं. पन्नासेक माणसं असतील, शिक्षक, दुकानदार, दोन-तीन नर्सबाया. बिचारे वह्या घेऊन बसलेले. मी चपला काढायला वाकले आणि याचा आवाज आला.

"राखणदार ठेवायचा तर पगार कशाला द्यायचा? माझंच उदाहरण घ्या. आमच्या एका प्लॉटवर शेतकऱ्याने चुकून घर बांधलं. मला पहिल्याच महिन्यात कळलं. नकाशा उघडला की लहान पोरालाही कळेल. मी बोललो का? बिलकुल नाही! सहा वर्षं त्याने जागा झाडून-सारवून राखली. दुसऱ्या कुणाची तिथे खुंटी ठोकायची हिंमत झाली नाही. आता भाव आलाय. आता मोजणी, आता नोटीस, आता सौदा. याला म्हणतात संयम!"

मी तशीच वाकलेली. चपलेचा पट्टा हातात.

कुणीतरी विचारलं, "सर, आणि घरच्यांनी विचारलं तर?"

"घरच्यांना शेवटी सांगायचं! गाडी दारात लावायची आणि म्हणायचं, चला, सही करायला जायचंय. आधी सांगितलं की भावना मधे येतात. आमच्या घरी तर दुसऱ्याच्याच प्लॉटवर झाडं लावलीत. मी म्हटलं, लावू दे. मन रमतंय ना!"

हॉल हसला. सगळे! त्या नर्सबायासुद्धा.

चष्मा त्याच्या चपलेत ठेवला आणि निघाले. स्टेशनपासून घरापर्यंत पायीच आले. एका रिक्षावाल्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसले. वड्याचं तेल वांग्यावर!

सहा वर्षं. मी उन्हात कॅन ओढतेय, कंबर धरून बसतेय, घरी येऊन सांगतेय की आज सीताफळाला डोळा फुटला, आज शेवग्याला शेंग लागली. आणि हा माझ्यासमोर जेवतोय, "अरे वा" म्हणतोय, आणि मनात हसतोय. नोटीस, सौदा, भाव, सगळं एकवेळ बाजूला ठेवीन. पण ते "अरे वा"! त्याचा राग कुठे ठेवू?

३ मार्च, सोमवार

विचारलं. सरळ तोंडावर.

आधी म्हणाला, "तू तिथे काय करत होतीस?" चष्म्याचं सांगितलं. मग म्हणाला, वर्गात उदाहरण रंगवून सांगावं लागतं. मग म्हणाला, "फायदा कुणाचा होता? आपलाच ना! राधेश्यामजी दोन नंबर घ्यायला तयार आहेत. त्यात जालन्यात तुला लिफ्टवाला फ्लॅट येईल."

"मी फ्लॅट मागितला होता?"

"मग वाटूरला शेळ्यांच्या शेजारी म्हातारपण काढणार?"

"मी सहा वर्षं दुसऱ्याच्या जागेत पाणी घालत होते, हे तुम्हाला माहीत होतं. होय की नाही?"

चष्मा पुसत म्हणाला, "तेवढाच तुझा व्यायाम होत होता."

मी हातातली कणीक तशीच परातीत टाकली आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. आत राहिले असते तर लाटणं फेकून मारलं असतं. स्वयंपाक केला नाही. त्याने बाहेरून वडापाव आणले. माझ्यासाठीही आणला. तो मी गायीला घातला.

५ मार्च, बुधवार

मीच राधेश्यामजींना फोन केला. ते गडबडले. "वहिनी, साहेब तर म्हणले होते जागा मोकळी आहे, आणि तुमचीच घाई आहे विकायची. माणसं उठवून मला नको. आमच्यात असल्या जागेला हात लावत नाहीत." परका माणूस दोन मिनिटांत समजला. आणि घरचा?

९ मार्च, रविवार

वाटूर.

द्वारकाबाईंनी आज हाक मारली नाही. शेळ्यांना पाला टाकत राहिल्या. मी उन्हात उभी. शेवटी म्हणाल्या, "त्या दिशी तुमी जे बोलल्या, ते म्या इसरनार न्हाई. पन उभ्या का? बसा." बाज टाकली.

मी सगळं सांगितलं. वर्गातलंही. नवऱ्याची लाज झाकण्यात आयुष्य गेलं, आता पुरे. रखमाजी ऐकत ऐकत खालीच बसले. "साहेबाला ठाव व्हतं? आन आमी त्यो खोलीचा पाया खंदून राह्यलो, तवाबी बोलला न्हाई?"

"नाही."

"वर्सभर म्या माती वाहिली, ताई." एवढंच म्हणाले आणि डोक्याचं फडकं काढून हातात घेऊन बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग मी अदलाबदलीचं काढलं. दोन नंबर तुमचा, सात नंबर माझा, परतूरच्या नोंदणी कचेरीत जाऊन रीतसर दस्त करायचा, खर्च माझा. रखमाजी बिचकले, "पुन्हा कागद? अंगठा-सही म्हनलं की आता भ्या वाटतं." पण द्वारकाबाई वेगळ्याच मुद्द्यावर अडल्या. "तुमची जागा रस्त्याची, मोलाची. आमची मागची. वरून द्यायला आमच्यापाशी काई न्हाई. फुकाचं आमी घेत नसतो."

"विहीर आहे की."

"विहीर?"

"माझ्या झाडांना आणि घराला कायमचं पाणी द्यायचं. दस्तात तसं लिहायचं."

बाई हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "पानी तं तसंबी कोन नको म्हनलं व्हतं?"

"तसंबी नको. लिहून हवं."

एवढं मी त्या रविवारच्या वर्गातून शिकले आहे. पाणी, रस्ता, हद्द – तोंडी काही नाही!

१३ मार्च, गुरुवार

होळी. होळीत काय काय टाकावंसं वाटलं!

२३ मार्च, रविवार

केशवचा वर्ग असतो तेवढ्या वेळात घर शांत असतं. म्हणून माझाच वर्ग घेते, इथे, कागदावर.

छोट्या माणसांनो, प्लॉट घ्या. जरूर घ्या. पण वर्षातून चार वेळा तिथे जाऊन उभे राहा. गाडीतून नाही, पायाने. दगड उपटले असतील तर दुसऱ्या दिवशी परत रोवा. तारेचं कुंपण घालायच्या आधी मोजणी करा, नंतर नाही. मी नंतर केली. शेजारी कोण आहे, तो जमीन कुठून मोजतो, ते त्याला विचारा. नकाशा मागून घ्या आणि स्वतः उघडून बघा, नवऱ्याला कळतं म्हणून त्याच्या कपाटात ठेवू नका. प्लॉट बाईच्या नावावर केला म्हणजे तो बाईचा झाला, असं समजू नका.

बारा वर्षं, बारा वर्षं करत असतो. घरातला माणूस तीस वर्षं ताबा घेऊन बसतो, त्याची मुदत कुठल्या कायद्यात?

६ एप्रिल, रविवार

स्वराचा पुण्याहून फोन. बाबांनी तिला आधीच पढवलंय. "आई, भावनेच्या भरात चांगला प्लॉट घालवू नकोस." भावनेच्या भरात! तिलाही सगळं ऐकवलं, पहिल्यापासून. ती म्हणाली, "बाबा हे सगळ्यांसमोर बोलले?" हो म्हटलं. "मग तुला हवं ते कर. मला त्यातलं काही नको." फोन ठेवल्यावर जरा रडले. रागानेच रडले, पण रडले.

२० एप्रिल, रविवार

केशवने शेवटचा डाव टाकला. ऊन इतकं होतं तरी गाडी पुसून दारात लावली. "चल, परतूरकडे जाऊन येऊ. दुसरं गिऱ्हाईक आणलंय. नुसतं बघ तर."

गाडी दारात लावायची! तेच शब्द, तीच युक्ती, आणि तीही माझ्यावरच! याला वाटलं, मी ते विसरले.

म्हटलं, तुमच्या वर्गात पुढचा धडा असा सांगा – सही जिची असते, तिला वेडं समजू नका. आणि दार लावून घेतलं. गिऱ्हाईक आत बसलेलं होतं म्हणे गाडीत. बसू दे!

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. दस्त झाला.

परतूरला गर्दी होती. द्वारकाबाई नवी साडी नेसून आल्या होत्या, रखमाजींनी कपाळाला अष्टगंध लावलेला. आत नाव पुकारल्यावर रखमाजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, नंबर कुन्या बाजूनं लिवलाय?" अधिकारी बाईंना काही कळलं नाही. मी नकाशा काढला, सगळ्यांसमोर पसरला, आणि रस्ता कुठे, विहीर कुठे ते बोटाने दाखवलं. दोघांनी वाकून बघितलं. द्वारकाबाईंनी तर दोनदा बघितलं. मगच सही.

पाण्याची ओळ वाचून घेतली. आहे.

बाहेर येऊन तिघांनी रसवंतीवर रस घेतला. पैसे द्वारकाबाईंनी दिले. मला देऊच दिले नाहीत.

घरी येऊन केशवला सांगितलं. तो म्हणाला, "तू आपलं किती नुकसान केलंस, तुला कळतंय का?" मी हो म्हटलं. कळतंय. चांगलं कळतंय.

३१ मे, शनिवार

निरोप समारंभ. कंपनीने शाल दिली, घड्याळ दिलं. केशव गुच्छ घेऊन आला होता. माइक हातात मिळाल्यावर बोललाही, "माझ्या प्रत्येक यशामागे अरुंधती आहे." टाळ्या. घरी येताना गाडीत म्हणाला, "आता मागचं सगळं विसरू. उद्यापासून नवीन सुरुवात." मी खिडकीबाहेर बघत होते.

१५ जून, रविवार

वाटूर. खोलीवर पत्रे पडले आणि मी इथे राहायला आले, त्याला आठवडा झाला. दुसरी खोली दिवाळीनंतर. सकाळी मी चुलीवर पोहे करत होते आणि फाटकाशी गाडी थांबली. केशव! बरोबर वर्गातली दोन माणसं, वह्या घेऊन. मला वाटलं, न्यायला आला. तसा आला असता तर काय म्हणायचं, तेही इतक्या दिवसांत मनाशी जुळवून ठेवलं होतं.

तो झाडांकडे हात करून त्यांना सांगत होता, "ही अदलाबदल. ही मीच सुचवली होती. पाण्याचा हक्क दस्तात लिहून घ्यायचा, हे छोट्या गुंतवणूकदाराने कधी विसरू नये."

ते दोघं लिहून घेत होते.

मी तिघांनाही पाणी दिलं. मग केशवला म्हटलं, "जाताना फाटक ओढून घ्या. शेळ्या आत येतात."